चंदाचा डावा हात

नागपूरला कोणी हौसेनं जात नाही. नात्यात लग्न असतं, बदली झालेली असते, कोर्टाची तारीख असते, नाहीतर वाघ पाहायला निघालेली मंडळी तिथं विमानातून उतरतात आणि गावाकडे ढुंकूनही न बघता जंगलाचा रस्ता धरतात. मी तिथलीच असल्यामुळे हे म्हणायचा मला हक्क आहे. बाहेरच्या कोणी म्हटलं तर मी भांडायला उठते. या डिसेंबरात मी आठ दिवस तिथं राहून आले, आणि तेही कोणाच्या लग्नाला नव्हे, एका चिंपांझीच्या मेंदूसाठी.

हे जरा समजावून सांगायला हवं. जर्मनीतल्या ज्या लहानशा गावात मी अकरा वर्षं राहते, तिथल्या एका प्रयोगशाळेत आम्ही कपींचे आणि माणसांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून पाहतो. कपी म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान ही सगळी बिनशेपटीची मंडळी. माझ्या नातेवाइकांच्या मते मी 'माकडांचं काहीतरी' करते, आणि ते दुरुस्त करणं मी कधीच सोडून दिलंय. माणसं बहुतेक उजवीच का, हा उजवेपणा आपल्यात कुठून आला, चिंपांझीच्या मेंदूत त्याची काही खूण सापडते का, हा माझा विषय. मेंदूच्या माथ्यावर एक आडवी घडी असते. त्या घडीत एका जागी बोरासारखा उंचवटा येतो, तो हाताचा. डावीकडचा उंचवटा उजवा हात हलवतो आणि उजवीकडचा डावा. जो हात पुढे धावतो, त्याचा उंचवटा बहुधा मोठा असतो. आम्ही यासाठी कुठल्याही जनावराला हात लावत नाही. म्हातारपणानं किंवा आजारानं गेलेल्यांचे मेंदू मिळतील तसे मिळवतो. म्हणून एकेक मेंदू मोलाचा. पण त्याच्याबरोबर एक गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे तो प्राणी जिवंतपणी कुठल्या हातानं खात होता. ते ठाऊक नसेल तर मेंदू कितीही चांगला असो, आमच्या कामातून बाद.

असा एक मेंदू नागपुरातल्या एका कॉलेजच्या संग्रहात बाटलीत पडून आहे, हे मला शाळेतल्या मैत्रिणीनं, वैशाली मेश्रामनं, फोटो पाठवून कळवलं. ती रेडिऑलॉजिस्ट आहे, जरीपटक्यात तिचं स्कॅनचं सेंटर आहे. बाटलीवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चिंपांझी, मादी, नाव चंदा, वय अंदाजे ३१. रखवालदार म. बावणे, खापा.' हात कुठेच लिहिलेला नव्हता. आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, बाटली देशाबाहेर आणायच्या परवानग्यांत जन्म जाईल, तिथेच स्कॅन करून घ्या; पण हात कळला नाही तर चंदाला यादीतून काढावं लागेल. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. खरं सांगायचं तर मी गेले नसते तरी चाललं असतं. स्कॅन वैशालीनं केला असता, खाप्याला कोणालाही पाठवता आलं असतं. पण मला जायचं होतं. बाबा गेल्यापासून चार वर्षं नागपूरला जायला मला कारणच उरलं नव्हतं.

प्रताप नगर

वैशाली विमानतळावर आली होती. हॉटेलवर सामान टाकायच्या आधी तिला म्हटलं, प्रताप नगरवरून घे. तिनं गाडी वळवली.

आमचं घर भावानं विकलं तेव्हा मी जर्मनीतूनच कागदांवर सह्या करून पाठवल्या होत्या. त्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि तिला एक इंग्रजी नाव आहे. समोरच्या घराचं फाटक मात्र तेच, तसंच कुरकुरणारं. मी फुटपाथवर उभी राहून आमची खिडकी साधारण कुठे असेल याचा अंदाज घेत होते, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून एका बाईंनी विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, पत्ता चुकला. बाई भल्या होत्या, बरोबर पत्ता कुठला ते विचारायला लागल्या, आणि मला एक खोटा पत्ता रचून सांगावा लागला.

कोपऱ्यावर तर्री पोह्यांची गाडी लागली होती. माझ्या जर्मन सहकाऱ्यांना मी एकदा सांगितलं होतं की आम्ही सकाळी सकाळी पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून खातो, तर त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं होतं असं मी वैशालीला सांगितलं. ती माझ्या चमच्याकडे बघत होती.

"अजून डाव्याच हातानं का वं?" ती म्हणाली. "काका असते तं चमचा काढून घेतला असता."

घेतलाच असता. मी जन्माची डावरी. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभावानं मऊ माणूस, पण या एका बाबतीत हटून बसलेले. प्रसाद डाव्या हातानं घेत नाहीत आणि अन्न हा प्रसादच, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी मला कधी मारलं नाही, हातावर पट्टी ओढली नाही. जेवताना ते माझ्या डावीकडे बसायचे आणि माझा डावा हात आपल्या डाव्या हातात धरून ठेवायचे. एका हातानं ते जेवायचे, एका हातानं मी. लिहितानाही तसंच. असं वर्षभर चाललं आणि मी जेवायला-लिहायला उजवी झाले. चमचा, कात्री, चेंडू मात्र डावीकडेच राहिले. पुढे जर्मनीला दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: जेवून राहिली का, कोणत्या हातानं? मी चिडायचे. मोठ्या तोऱ्यात त्यांना मेंदूचं शास्त्र ऐकवायचे. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारायचे. आता चार वर्षं मी कुठल्या हातानं जेवते याच्याशी जगात कोणाला काही देणंघेणं नाही.

बाटली

कॉलेजच्या संग्रहात चंदा खिडकीजवळच्या फळीवर होती. मेंदू नुसता बाटलीत टाकला तर आपल्याच वजनानं खाली बसून चपटा होतो. म्हणून जाणता माणूस त्याच्या खालच्या बाजूच्या रक्तवाहिनीतून दोरा ओवून त्याला उलटा टांगतो. इथे कोणीतरी ते काम साध्या शिवणकामाच्या पांढऱ्या दोऱ्यानं इतकं नीट केलं होतं की इतक्या वर्षांत एकही घडी दबलेली नव्हती. आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, संत्र्याहून थोडा मोठा. मी असे पुष्कळ पाहिलेत, पण चिठ्ठीवर नाव असलेला हा पहिलाच. तिकडे आम्ही त्यांना आकडे देतो.

विभागाच्या सरांनी परवानगीचं पत्र तयार ठेवलं होतं. त्यांनी चहा पाजला, संशोधनाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि परत कधी येणार याबद्दल दहा. जर्मनीत मला असं कोणी विचारत नाही. तिथे माणसाच्या खासगी गोष्टीत नाक खुपसणं वाईट समजतात. ते चांगलंच आहे. पण त्यांनी विचारल्यावर मला बरं वाटलं, हेही खरं.

जरीपटका

रविवारी सकाळी पेशंट यायच्या आत स्कॅन उरकायचा असं ठरलं होतं. जरीपटक्याचा बाजार उघडत होता, दुकानांची शटरं वर जात होती, आणि त्या गर्दीतून मी मांडीवर चंदाची बाटली घेऊन रिक्षातून चालले होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. लोणचं आहे का, असं त्यानं हिंदीत विचारलं. मी हो म्हटलं.

सेंटरवर पोचल्यावर लक्षात आलं की बाटलीचं झाकण लोखंडी आहे. त्या मशीनच्या खोलीत लोखंड चालत नाही, मशीनचं चुंबक ते ओढून घेतं. अकरा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईनं आदल्या दिवशी हे बघायला नको होतं? वैशालीनं मला भैताड म्हटलं आणि घरी फोन लावला. वीस मिनिटांत तिच्या घरून एक किलो श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा आला, स्वच्छ धुतलेला. त्यात चंदा अगदी मापात बसली. आतले हवेचे बुडबुडे स्कॅनमध्ये काळे डाग पाडतात, म्हणून आम्ही दोघी मिळून त्या डब्याला अर्धा तास हलकेच टिचक्या मारत बसलो.

मग कॉम्प्युटर अडला. पेशंटचं आडनाव भरल्याशिवाय तो पुढे जाईना. वैशालीनं चिठ्ठी पाहिली आणि टाइप केलं: चंदा बावणे, स्त्री, ३१.

चित्रं यायला लागली तशा आम्ही दोघी पडद्याकडे सरकलो. माथ्यावरची घडी लख्ख दिसत होती. डावीकडचा उंचवटा जेमतेम, उजवीकडचा चांगला टपोरा. मोजायच्या आधीच डोळ्यांनी कळत होतं. "डावरी आहे वं ही," वैशाली म्हणाली. "तुह्यासारखी." मी म्हटलं, ते बावणे सांगतील. पण मनातून मला खात्री होती, आणि का कोण जाणे, फार आनंद झाला होता.

खापा

खापा कन्हान नदीच्या काठी आहे. विणकरांचं जुनं गाव. आता हातमाग थोडे उरलेत. हिवाळ्यात नदीचं पाणी मागे सरलेलं असतं आणि वाळूवर ऊन पडलेलं असतं. महादेवराव बावण्यांचं घर शोधायला काहीच त्रास पडला नाही. पहिल्याच माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, बंदरवाले बावणे ना? आणि घरापर्यंत सोबत आला.

ते ऐंशीच्या घरातले, काटक, पांढरा सदरा आणि डोक्याला मफलर. अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पत्नी वच्छलाबाई चुलीजवळ. मी जर्मनीहून चंदाची चौकशी करायला आले आहे, असं सांगितल्यावर त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, तिची आठवण कोणाला आहे अजून? मी बाटलीबद्दल सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारून नेलं होतं, म्हणाले, बाकी तिला चिंचेखाली पुरलं, मी स्वतः माती दिली.

चंदा सर्कशीतून आलेली. सर्कस मोडली तेव्हा तिला एका प्राणिसंग्रहालयात आणून सोडलं आणि तिथे चौदा वर्षं ती यांच्या हाती होती. बाहेर बाजार भरला की तिला आवाजावरून कळायचं, पावसाची भारी भीती वाटायची, यांनी रजा घेतली तर दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून बसायची. मी लिहून घेत होते. शेवटी मी माझा प्रश्न विचारला: काकाजी, चंदा कोणत्या हातानं खाये?

"उजव्या," ते लगेच म्हणाले.

नक्की? नक्की. नेहमी? नेहमी.

मी वहीत 'उजवा' लिहिलं. पडद्यावरचा तो टपोरा उंचवटा माझ्या डोळ्यांसमोर होता. शास्त्रात असं होतं, एखादा मेंदू आपलं म्हणणं ऐकत नाही, त्याला इलाज नाही. पण मला वाईट वाटलं ते शास्त्रासाठी नाही. रविवारपासून मी मनात तिला माझी म्हणून बसले होते.

वच्छलाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नसतं, आणि मलाही निघायचं नव्हतं. सोलेभात होता, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात, वर कच्चं तेल, सोबत वांग्याचं भरीत. हा भात मी अकरा वर्षांत खाल्ला नव्हता. तो तयार होईपर्यंत मीही शेंगा सोलायला बसले होते आणि महादेवराव माझ्या हातांकडे बघत होते. पानावर बसल्यावर त्यांनी विचारलं, तू डावरी होय का? मी हो म्हटलं. मग जेवते कशी उजव्यानं? मी सांगितलं, बाबांनी शिकवलं. कसं, म्हणाले. मी सांगितलं: ते माझा डावा हात आपल्या हातात धरून बसायचे.

त्यांचा घास हातातच राहिला. वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मीबी तसंच केलं," ते म्हणाले. "चंदा डावरी होती, बाई. आली तवा डाव्यानंच खाये. मले पटे नाही. अन्न आहे ते, डाव्या हातानं कसं द्यायचं? डावा हात पुढं आला का मी केळं मागं घेत होतो. मंग गजातून तिचा डावा हात धरून बसलो, अन् उजव्यात दिलं. दोन-तीन महिने लागले. तू इचारलं कोन्या हातानं खाये, तं खाये उजव्यानंच."

जगातल्या दुसऱ्या कुठल्या देशात कोणी चिंपांझीला उजव्या हातानं जेवायला शिकवलं असेल, असं मला वाटत नाही. आमच्या प्रश्नावलीत तसा रकानाच नाही. मला हसू येत होतं. पण महादेवराव हसत नव्हते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"माह्यामुळं तिच्या डोक्यात काही बिघडलं का?" त्यांनी विचारलं. "तुमच्या मशीनीत दिसलं असंल. खरं सांग."

मी हात धुऊन पाकिटातून स्कॅनची फिल्म काढली. त्यांनी ती दारातल्या उजेडाकडे धरली. कोपऱ्यातलं नाव मी वाचून दाखवलं, चंदा बावणे. त्यांनी बायकोला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मी बोट ठेवून दोन्ही उंचवटे दाखवले; हा तिच्या उजव्या हाताचा, हा डाव्याचा. बघा किती भरलेला आहे. काही बिघडलं नाही, काकाजी, ती तुमच्यासाठी उजव्यानं खात होती, पण शेवटपर्यंत डावरीच राहिली.

त्यांनीही त्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की ती आजारी पडली तेव्हा आठ दिवस काही खात नव्हती. एके दिवशी त्यांनी संत्र्याची फोड धरली, तर तिचा डावा हात पुढे आला. उजवा उचलत नव्हता की विसरली होती, देव जाणे. त्यांनी फोड दिली. तेवढीच तिनं खाल्ली. ते म्हणाले, आधीच द्यायला पाहिजे होती, पहिल्या दिवसापासून, हे मनात राहून गेलं.

मी विचारलं, शिकल्यावर तुम्ही तिचा हात धरणं सोडलं असेल?

"सोडलं होतं," ते म्हणाले. "गरज नव्हती. पन जेवन आनलं का तीच डावा हात गजातून बाहीर काढे. धरल्याबिगर खातच नव्हती."

मीही तेच करत होते. शिकून झाल्यावरही, चांगली दहावीत जाईपर्यंत, जेवायला बसले की डावा हात बाबांच्या मांडीवर ठेवत होते. ते मी विसरून गेले होते. मला आठवत होती ती फक्त माझ्यावर झालेली सक्ती, आणि त्याबद्दल त्यांना मी दर रविवारी ऐकवत होते.

जर्मनीत परतल्यावर मी चंदाचा फॉर्म भरला. हात: डावा की उजवा, असं विचारून पुढे दोन चौकटी आहेत. मी दोन्ही रिकाम्या ठेवल्या आणि खाली पानभर लिहिलं. डावरी होती. उजव्या हातानं जेवायची. जेवताना डावा हात रखवालदाराच्या हातात असायचा. प्रमुखबाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि चंदा यादीत राहिली. महादेवरावांना मी ते वैशालीकरवी कळवलं.

पण हे नंतरचं. खाप्याहून निघतानाचं सांगायचं राहिलं. दोघं गाडीपर्यंत पोचवायला आले. वच्छलाबाईंनी पिशवीभर संत्री गाडीत ठेवली. महादेवरावांनी एक हातातच ठेवलं होतं. ते त्यांनी सोललं, शिरा काढल्या आणि एक फोड माझ्यापुढे धरली. माझ्या उजव्या हातात फिल्मचं पाकीट होतं, म्हणून मी डावा पुढे केला. त्यांनी फोड मागे घेतली.

"उजव्या हातानं, बाई," ते म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. सवयीनं बोलून गेलो, म्हणाले, घे, कोणत्याही हातानं घे.

मी पाकीट काखेत धरलं आणि उजवा हात पुढे केला. डावा तसाच मध्ये राहिला होता, तो कुठे ठेवावा मला कळेना. त्यांनी तो आपल्या हातात घेतला. त्यांचा तळवा खरखरीत होता आणि संत्र्यानं ओला झालेला. फोड आंबटगोड होती. मी ती जमेल तेवढी सावकाश खाल्ली, आणि संपल्यावर दुसरी मागितली.